गारखेड्याचे उटणे आणि जर्मनीची वाट

मैत्रिणींनो, आमच्या गारखेड्याला कधी आलात तर रिक्षावाल्याला नुसते 'सूतगिरणी चौक' म्हणा, तो बरोबर आणून सोडील. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, पण चौकांची नावे रिक्षावाल्यांच्या तोंडी तीच आहेत. पहाटे विभागीय क्रीडा संकुलात चालायला येणाऱ्यांची रीघ, पुंडलिकनगरच्या रस्त्यावर भाजीच्या गाड्या, गजानन महाराजांच्या मंदिराशी गुरुवारी फुलांच्या टोपल्या. एकेकाळचे शहराबाहेरचे खेडे. आता खेडेपण नावात तेवढे उरले आहे.

पण माझे ऐकाल तर दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत या. आमच्या गल्लीत शिरताच नाकाला वास लागेल आणि तुम्ही न विचारता आमच्या समोरच्या काकूंच्या दारात उभ्या राहाल. गच्चीवर जुन्या चादरी पसरलेल्या, त्यांवर संत्र्याच्या साली, गुलाबाच्या पाकळ्या, वाळा, नागरमोथा. खाली ओसरीत काकू आणि दोन बायका वस्त्रगाळ करीत बसलेल्या, भुवयांपर्यंत पिवळ्याधमक.

काकू साठीच्या पुढच्या. यजमान जाऊन नऊ वर्षे झाली, पेन्शन नाही. दिवाळीचे उटणे, वर्षभराचे कुंकू आणि एरंडेलाच्या दिव्यावर धरलेले काजळ यांवर त्यांचा संसार चालतो. मी सकाळी एका शाळेत चार तास मराठी शिकवते. दुपार रिकामी असते, म्हणून हिशेब ठेवणे आणि पाकिटांवरचा मजकूर लिहिणे ही कामे माझ्याकडे आली. मजकूर मी मोठ्या हौसेने लिहिला होता, बरं का! 'मुरुमे, खाज, वांग यांवर रामबाण.' या ओळीचे पुढे काय झाले ते सांगतेच.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात माझ्या धाकट्या नणंदेचा जर्मनीहून फोन आला. ती स्टुटगार्टजवळ असते. म्हणाली, "वहिनी, इथल्या दिवाळी मेळाव्यात मला एक टेबल मिळतंय. काकूंचं उटणं, कुंकू, काजळ पाठव. हातोहात जाईल." साठ पाकिटे उटण्याची, साठ करंडे कुंकवाचे, तीस डब्या काजळाच्या. काकूंनी ऐकले आणि पदराने डोळे टिपले. मग लगेच म्हणाल्या, "पैसे युरोत येतात का गं?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी खरेदीला शहरात निघालो. गुलमंडीकडच्या काष्ठौषधीच्या दुकानात एकदा तरी जाऊन उभे राहावे, काही घ्यायचे नसले तरी. ज्येष्ठमध, गव्हला, कचोरा, आंबेहळद, बावची, जटामांसी अशी लाकडी खणांची भिंतच असते, आणि दुकानदार न बघता हात घालून हवे ते काढतो. जटामांसीचे दर ऐकून मी मागे सरले. काकू मात्र म्हणाल्या, "तिच्याशिवाय उटणं म्हणजे नुसतं पीठ."

या जटामांसीची एक गंमत मी शाळेत मुलांना सांगते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक प्रवासग्रंथात भडोच बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालात जटामांसीचे नाव आहे. त्याच बंदराला आपल्या पैठणहून माल गाड्यांनी जाई, वाट वीस दिवसांची, असेही त्यात लिहिले आहे. रोमच्या श्रीमंत बायकांना हे तेल फार प्रिय होते. त्या काळी त्यांना कुणी प्रमाणपत्र मागितले नसावे. आज मागतात. ही हिमालयातली वनस्पती इतकी ओरबाडली गेली की संकटातल्या वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय करारात तिचा समावेश झाला, आणि आता तिला कागदपत्रांशिवाय सरहद्द ओलांडता येत नाही. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते. आम्ही अर्धा किलो घेतली.

परतताना शहागंजच्या बाजूला एका अत्तरवाल्याकडे थांबलो. खस, मोगरा, हीना, आणि पहिल्या पावसाच्या मातीचे अत्तर. कापसाचा बोळा मनगटाला लावत तो म्हणाला, "भाभी, जर्मनी भेजना है? पहले पूछ लो. खाडीतसुद्धा आता माल नोंदवल्याशिवाय दुकानात मांडू देत नाहीत." मला वाटले, अत्तर खपत नाही म्हणून कुरकुरतोय. पण त्याने एक गोष्ट सांगितली ती पुढे अक्षरशः खरी ठरली. गुलाबाच्या अत्तरात जे जे आपोआप असते, त्याचीही नावे तिकडे डबीवर लिहावी लागतात.

भाद्रपदात नणंदेचा पुन्हा फोन. या वेळी आवाज उतरलेला. मेळाव्याच्या बाईंनी तिला विचारले होते, "या मालाची जबाबदार व्यक्ती कोण?" नणंद म्हणाली, "मी विकतेय, म्हणजे मीच." बाई हसल्या आणि तिच्या हातात कागद ठेवला.

मैत्रिणींनो, तो कागद मी तिच्याकडून चार संध्याकाळी वाचून घेतला. तुमच्यापैकी कुणाला परदेशातल्या लेकीकडे पापड-मसाल्याबरोबर उटणेही विकायला पाठवायचे मनात असेल, तर नीट ऐका. युरोपातल्या सत्तावीस देशांना मिळून एकच कायदा आहे, २००९ सालचा, क्रमांक १२२३. साबण असो, अत्तर असो की टिकलीखालचे मेण, अंगाला लावायची वस्तू व्यवसाय म्हणून दिली, मग विकत द्या की नमुना म्हणून फुकट द्या, तर त्या वस्तूला युरोपात राहणारी एक 'जबाबदार व्यक्ती' लागते. तिचे नाव-पत्ता डबीवर छापायचा. त्या वस्तूची एक फाइल करायची आणि शेवटचा घाणा बाजारात गेल्यापासून दहा वर्षे ती सांभाळायची. फाइलमध्ये सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे सुरक्षिततेचा अहवाल. तो औषधशास्त्र, विषशास्त्र, वैद्यक किंवा तशाच विषयाची पदवी असलेल्या माणसानेच द्यायचा. नोंदणी संगणकावर होते, तिला पैसे पडत नाहीत. पैसे पडतात ते अहवालाला, आणि तेही प्रत्येक वस्तूला वेगळे, काही शे युरो. आमची साठ पाकिटांची सगळी विक्री त्यातच जाणार होती. आणि ब्रिटन तर युरोपीय संघातून बाहेर पडलेला, त्याची नोंदणी निराळी, जबाबदार व्यक्तीही निराळी.

हो, भेट म्हणून नणंदेच्या स्वतःच्या वापराला दोन पाकिटे पाठवली तर त्याला हे काही लागू नाही. आडवा येतो तो विक्रीचा व्यवहार.

मग सुरू झाली आमच्या उटण्याची उलटतपासणी. संत्र्याच्या सालीत लिमोनीन असते, गुलाबात जिरॅनिऑल आणि सिट्रोनेलॉल. काही जणांना यांची ॲलर्जी होते, म्हणून ठराविक प्रमाणापेक्षा जास्त असल्यास नाव छापायचे. पूर्वी अशी २६ नावे होती. २०२३ च्या नव्या नियमाने ती ऐंशीच्या वर गेली आणि टप्प्याटप्प्याने सगळ्या मालाला लागू व्हायची ठरली. 'आमचे नैसर्गिक आहे' हे उत्तर तिथे चालत नाही. गुलाबातून आलेले काय आणि कारखान्यातून आलेले काय, कातडीला सारखेच. बावचीत सोरालेन असते. ते लावून उन्हात गेले तर अंग भाजल्यासारखे काळे पडू शकते. काकू ऐकून म्हणाल्या, "म्हणून आई म्हणायची, उटणं लावून उन्हात खेळायला जायचं नाही." बावची काढली. जटामांसी काढताना मात्र त्या दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

आणि माझी ती रामबाण ओळ? खाज जाते म्हटले की वस्तू प्रसाधन राहत नाही, औषध होते. अमेरिकेतही तसेच, युरोपातही तसेच. औषधाचा कायदा आणखी कडक. माझी ओळ पहिल्यांदा गेली. मराठीच्या बाईंना स्वतःचेच वाक्य खोडावे लागले!

काजळाची कथा याहून करुण. अमेरिकेत प्रसाधनात वापरायच्या प्रत्येक रंगाला सरकारची मान्यता लागते. आपली मेंदी तिथे केसांना लावायला मान्य आहे, हातावर काढायला नाही. गंमतच आहे की नाही? सुरम्यात शिसे असते, म्हणून त्याला तर सरळ बंदीच. आमच्या काजळात शिसे नाही, एरंडेलाची काजळी आणि तूप. पण काळ्या रंगातही ठराविक पद्धतीने तयार केलेली, दर घाण्याला सरकारी तपासणी झालेली काजळीच तिथे चालते. दिव्यावर ताटली धरून केलेली चालत नाही. २०२२ च्या अखेरीस तिथे नवा कायदा झाला, त्यात छोट्या उद्योगांना नोंदणीतून सूट आहे. पण डोळ्याच्या आतल्या नाजूक भागाला लागणाऱ्या वस्तूला ती सूट नाही. तीस डब्या काकूंनी परत कपाटात ठेवल्या.

आता कुंकू. इथवर आम्हाला सगळे म्हणजे त्या लोकांचे चोचले वाटत होते.

नणंदेने कागदाबरोबर एका अभ्यासाची बातमी पाठवली होती. न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सिंदुराचे ११८ नमुने तपासले, ९५ तिथल्या दुकानांतले आणि २३ मुंबई-दिल्लीचे. २०१७ मध्ये ते छापून आले. अनेक नमुन्यांत शिसे अमेरिकेच्या मर्यादेहून जास्त निघाले. मी काकूंना म्हटले, "सिंदूर वेगळा, आपलं कुंकू वेगळं." पण रात्री झोप लागेना. कारण आमचे कुंकू काकू करीत नव्हत्या. उटणे आणि काजळ घरचे. कुंकू मात्र ठोक बाजारातून सुटे आणून करंड्यांत भरलेले. छान लालभडक, स्वस्त, आणि कधी विचारावेसे न वाटलेले.

काही हजार रुपये घालून आम्ही प्रयोगशाळेत नमुना दिला. पैसे मी घरखर्चातून काढले, ह्यांना नंतर सांगितले. आठ दिवसांनी अहवाल आला. आपल्या देशातही प्रसाधनांच्या रंगांत शिशाला मर्यादा आहे, दहा लाख भागांत वीस भाग. आमच्या कुंकवात ते त्याच्या कितीतरी वर होते.

मैत्रिणींनो, तो कागद हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी होते आणि समोर माझी सात वर्षांची मुलगी जेवत होती, कपाळाला तेच कुंकू. एका हाताने कपाळ खाजवायचे, त्याच हाताने पोळीचा घास. शिसे असेच पोटात जाते. मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते घातक असते आणि अमुक इतके चालेल अशी सुरक्षित पातळीच सापडलेली नाही. जर्मनीतल्या बाईंनी विचारले नसते तर मी हे कधी तपासले असते का? खोटे कशाला बोलू, नसते.

नवरात्र चार दिवसांवर आले होते. काकूंकडे बारा किलो कुंकू पडून. वर्षातली सर्वांत मोठी विक्री नवरात्रातच. माझ्या धाकट्या जावेने सुचवले, "नवीन विकू नका, पण झालं ते बोलू नका. उगीच नाव खराब होईल." काकू काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर त्या माझ्या दारात आल्या, हातात पिशवी. "चल. कुणाकुणाला दिलंय ते तुझ्या वहीत आहे ना?"

त्र्याहत्तर घरे होती वहीत. पुंडलिकनगर, शिवाजीनगर, शहानूरमियाँ दर्ग्याच्या चौकापलीकडची दोन-तीन. तीन संध्याकाळी आम्ही हिंडलो. करंडा परत मागायचा, पैसे द्यायचे, कारण सांगायचे. बहुतेकींनी चहा दिला. एकीने दारातूनच सुनावले, "आजवर कोण मेलं कुंकवानं?" एकीने करंडा दिला, पैसे घेतले नाहीत आणि त्यानंतर उटणेही घेतले नाही. परत आलेल्या करंड्यांचे काय करायचे हाही प्रश्नच. कुंकू विहिरीत किंवा कुंडीत टाकायला मन धजेना आणि टाकूही नये. डब्यात बंद करून चिठ्ठी लावून ठेवले आहे, अजून तसेच आहे. ठोक व्यापाऱ्याला अहवाल दाखवला तर तो म्हणाला, "देवाला वाहायचं कुंकू आहे हो, लावायला कुणी सांगितलं?"

मग काकूंनी त्यांच्या आईच्या पद्धतीने कुंकू करायला घेतले. हळद, लिंबाचा रस, तुरटी आणि सवागी, म्हणजे टाकणखार. सोलापूर जिल्ह्यात केमचे कुंकू प्रसिद्ध आहे. काकूंचे माहेर त्या बाजूचे, त्यामुळे प्रमाण हातात होते. ओल्या हळदीचा पिवळा रंग हळूहळू लाल होत जातो ते बघताना मुलगी माझी जागची हलेना. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी सांगितले की टाकणखारातला बोरॉन आणि हळद आंबट रसात एकत्र आली की हा लाल रंग बनतो. रंग बाजारच्यासारखा भडक नाही, जरा विटकरीच. पण अहवाल स्वच्छ आला.

आनंदाने नणंदेला फोन केला. दुसऱ्या दिवशी तिचे उत्तर: "वहिनी, बोरॅक्स इथे प्रसाधनात अजिबात चालत नाही." म्हणजे भेसळीचे शिशामुळे नाही आणि शुद्ध टाकणखारामुळे नाही! मी कपाळाला हात लावला. काकू मात्र खो-खो हसल्या. "राहू दे. कुंकू गारखेड्यातच खपेल."

एक गोष्ट कबूल करायला हवी. आपल्याकडेही विक्रीसाठी प्रसाधन बनवायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो. २०२० चे प्रसाधन नियम आहेत. आमच्याकडे तो नव्हता. ओसरीत वस्त्रगाळ करून विकणाऱ्या किती जणींकडे असेल, देव जाणे. चौकशी केल्यावर कळले की स्वतःची जागा आणि यंत्रे नसतील तर परवाना असलेल्याच्या कारखान्यात आपला माल आपल्या नावे करून घेता येतो, त्यासाठी वेगळा परवाना मिळतो. आम्ही आता त्या वाटेने निघालो आहोत. परदेशी पाठवायला आयात-निर्यातीचा क्रमांकही काढावा लागतो. तो घरबसल्या निघतो, घाबरायचे कारण नाही.

उटण्याचा पहिला नमुना जंतूंच्या तपासणीत नापास झाला. एका ग्रॅममध्ये हजारापर्यंत चालतात, आमचे मोजण्यापलीकडे. गच्चीवर कबुतरे येतात हे काकूंना माहीत होते, मलाही होते. आता साली आणि पाकळ्या जाळीच्या कपाटात, मंद उष्णतेवर वाळतात. दुसरा नमुना पास झाला. पण गल्लीतला तो वास कमी झाला आहे, आणि मला त्याचे वाईट वाटते.

यंदा नणंद आली होती. जबाबदार व्यक्ती म्हणून सही करायला ती तयार आहे, पण दहा वर्षे म्हटल्यावर जरा थबकली. शेवटी म्हणाली, "काकू, मी करते सही. पण तुमची कृती मला ग्रॅममध्ये लिहून द्या. तपासणारे मूठ आणि चिमूट मानत नाहीत."

काकूंनी आयुष्यात उटणे वजनावर केलेले नाही. मग एका दुपारी आम्ही तिघी माझ्या स्वयंपाकघरातला छोटा काटा मध्ये ठेवून बसलो. काकूंनी डोळे मिटून, नेहमीसारखी मूठ भरायची, काट्यावर सोडायची, आणि मी लिहायचे. नागरमोथा ३८. वाळा ११. गुलाब ६. मसूर डाळ तीन मुठी, तिन्ही वेळा ५२. नणंद म्हणाली पुन्हा एकदा करून बघू. पुन्हा ५२ आले.